शुद्धिपत्र

पुढच्या कार्तिकात आवळ्याची फांदी
कोणत्या संध्याकाळी तुळशीत खोवायची,
हे मला माघातच ठाऊक असतं.
शिवमोग्ग्याच्या छापखान्यात मी पंचांगाची मुद्रितं तपासतो:
घटी, पळं, गौरीची तृतीया, अनंताची चतुर्दशी,
द्वादशीचं पारणं किती वाजून किती मिनिटांच्या आत.
एक आकडा घसरला
तर तुंगेच्या दोन्ही काठांवर
कुणीतरी भलत्याच दिवशी उपाशी राहतं,
कुणीतरी भलत्याच दिवशी जेवतं.

नागवेणी अक्का पलीकडच्या काठाला राहते,
हंगामात सुपारी सोलते, तिची बोटं तुरट असतात.
आषाढाच्या अमावस्येला तिचं भीमेश्वराचं व्रत.
मातीचे दोन दीपस्तंभ,
नऊ गाठींचा हळदीचा दोरा,
आणि परातीत नवऱ्याचे पाय.

व्यंकटाचल वर्षातून तेवढ्यापुरता येतो,
दावणगेऱ्याहून, सकाळच्या बसनं.
तिकडे त्याचं दुसरं घर आहे,
त्यात दोन मुलं आणि शिलाईचं मशीन.
मोजे काढून खिशात कोंबतो. पाय पुढे करतो.
कडबू खातो, साडीची पिशवी खुंटीला अडकवतो,
चारच्या बसनं परत.
आम्ही कुणी काही बोलत नाही.
व्रताला माणूस लागतो.

तो गेला की उंबऱ्यावर भंडार मांडतात:
कणकेच्या गोळ्यात लपवलेली नाणी,
भावानं कोपरानं फोडायची.
पूर्वी चार आणे निघायचे, आता दहाचं नाणं निघतं.
कोपर तेवढाच दुखतो.
"तम्मा, जोरात," अक्का म्हणते,
जणू आत आणखी कुणी अडकलंय.

व्रताच्या सातव्या वर्षी आषाढ दोन आले.
आधी अधिक, मग निज.
निज म्हणजे खरा; पहिला कुणाचाच नव्हे.
त्यात सण नाही, मुंज नाही,
एकादश्या सोडल्या तर बाईच्या जिवाला सुट्टी.
सत्तावीस नंबरच्या पानावर "अधिक" हा शब्द राहून गेला.
नजरचूक, असं मी मालकांना सांगितलं.
अक्काला काहीच सांगितलं नाही.

व्यंकटाचल पहिल्याच अमावस्येला उगवला.
मी तिथंच होतो, फणसाचे गरे काढत, हाताला तेल लावून.
उंबरा कोरडा. परात भिंतीला उलटी टेकलेली.
अक्का केस मोकळे सोडून
पायरीवर बसली होती, तिखट पोहे खात.
त्यानं चपला काढल्या. एक मोजाही काढला.
ती म्हणाली, "आज काही नाही.
हा महिना मोजत नाहीत."
आणि बशी पुढे केली,
जशी पोस्टमनपुढे करावी.

तो उभ्यानंच दोन घास खाऊन गेला.
मोजा पायरीवर राहिला. दुपारभर तिथंच होता.
मग कुत्र्यानं नेला, आणि अक्का हसली,
पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
लग्नानंतर असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

निज अमावस्येला तो आला नाही.
दोन्ही दिवे लावले. दोरा बांधला.
परात तिनं मांडली, पाणीही ओतलं,
थोडा वेळ पाहिलं, मग ते अबोलीच्या मुळाशी नेऊन घातलं.
भंडार मी फोडला. कोपर सोलवटला.
तिनं त्यावर हळद दाबली आणि विचारलं,
"आता पुढचा अधिक कधी?"

"जेठात. अजून पावणेतीन वर्षं."

ती पिठाच्या बोटांनी पेरं मोजत राहिली.
इकडे छापखान्यात चिकटवायच्या चिठ्ठ्या वाळत होत्या,
तीन हजार:
पृष्ठ सत्तावीस, "आषाढ" याऐवजी "अधिक आषाढ" असे वाचावे.
तिच्या प्रतीत ती चिठ्ठी
मी अजून चिकटवलेली नाही.